लॅमिनायटिसमधून उठलेल्या घोडीला नाल ठोकावी का? वर्षभर बिननाल ठेवून आम्ही काय शिकलो

दर्यापूर-मूर्तिजापूर पट्टा | पशुपालन विशेष

लग्नसराई आली की आपल्या वऱ्हाडात गावोगावी घोडी दिसते. नवरदेव मारोतीच्या पारावर जायचा तर घोडीवर, वरात निघायची तर घोडीवर. चिखलदऱ्याला पर्यटक फिरवणारी घोडी वेगळी. धनगर बांधवांच्या कळपासोबत बिऱ्हाड वाहणारी वेगळी. पण या जनावराच्या पायाला काही झालं तर काय करायचं, हे सांगणारा माणूस गावात सापडत नाही. बैलाच्या खुराबद्दल दहा जण सांगतील, घोड्याच्या टापेबद्दल एकही नाही.

मी शेतकरी आहे, बातम्या लिहितो, आणि माझ्या घरी एक घोडी आहे. चांदणी नाव तिचं. दोन वर्षांआधी ती पायानं गेली होती. गावातले म्हणत होते, विकून टाक. आज ती चारही पायांवर उभी आहे आणि तिच्या एकाही पायाला नाल नाही. हे कसं झालं, त्यात माझी चूक कुठं झाली आणि दुसऱ्या कोणावर अशी वेळ आली तर त्यानं काय करावं, एवढं सांगायला हा लेख.

चूक माझीच होती

चैत्राचे दिवस होते. गहू काढून झाला होता, कट्टे अंगणात ठेवले होते. रात्री घोडीनं दावं सोडवलं. सकाळी पाहतो तर एक कट्टा फाटलेला. माझ्या अंदाजानं सात-आठ किलो तरी गहू तिनं खाल्ला असेल. घोडी मात्र ठणठणीत दिसत होती. मी म्हटलं, खाल्ला तर खाल्ला, आज अंगात जोर राहील. त्याच दिवशी संध्याकाळी शेजारच्या गावात वरात होती. डांबरी रोडवर चार तास घोडी उभी होती, मधात नाचवलीही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती जागची हलेना. पुढचे दोन्ही पाय समोर ताणलेले, सगळा भार मागच्या पायांवर. वळवायला गेलो तर तव्यावर पाय ठेवल्यासारखी एकेक पाय उचलत होती. गावातल्या एका इंजेक्शनवाल्याला बोलावलं. त्यानं ताप समजून काहीतरी टोचलं. काय टोचलं ते मी विचारलं नाही, ही माझी दुसरी चूक. दुपारनंतर सरकारी दवाखान्याचे डॉक्टर साहेब आले. त्यांनी पाय हातात घेतला, खुरावर हात ठेवला आणि विचारलं, "हिनं धान्य कधी खाल्लं?" मी सांगितलं. ते म्हणाले, "काल सकाळीच फोन केला असता तर नळी टाकून पोट साफ करता आलं असतं. आता पाय वाचवायचे."

ही गोष्ट प्रत्येक घोडेवाल्यानं लक्षात ठेवावी. घोड्यानं जास्त धान्य खाल्लं की पाय लगेच दुखत नाही. बहुतेक वेळा एक ते दोन दिवस जातात. त्या वेळात जनावर चांगलं दिसतं, आणि उपचाराचा खरा वेळ तोच असतो. लंगडायची वाट पाहू नका. धान्य खाल्लं हे कळलं की त्याच घडीला डॉक्टरला फोन करा.

लॅमिनायटिस म्हणजे नेमकं काय

घोडा एका पायाच्या एकाच बोटावर चालतो. खूर म्हणजे त्या बोटाचं नख. खुराच्या आत शेवटचं एक हाड असतं. हे हाड खुराच्या तळव्यावर नुसतं टेकलेलं नसतं, ते खुराच्या भिंतीला आतून टांगलेलं असतं. दोन फण्यांचे दात एकमेकांत अडकवावे तसे हाडाचे आणि भिंतीचे पापुद्रे एकमेकांत अडकलेले असतात. एका खुरात असे साडेपाचशे-सहाशे मोठे पापुद्रे, आणि प्रत्येकावर शंभराच्या वर बारीक पापुद्रे. साडेतीनशे-चारशे किलोचं जनावर या पापुद्र्यांवर लटकलेलं असतं.

या पापुद्र्यांना सूज आली, ते सैल पडले, म्हणजे लॅमिनायटिस. खुराची भिंत कडक असते, सुजायला आत जागा नसते. म्हणून वेदना भयंकर. पापुद्रे जास्त सुटले तर हाडाचं टोक खाली फिरतं आणि तळव्यावर दाबतं. कधी कधी तळवा फाडून बाहेर येतं.

कारणं अनेक आहेत:

- गहू, ज्वारी, मका, हरभरा असं धान्य एकदम जास्त खाणं.
- जनावर लठ्ठ असणं, आयाळीखाली चरबीचा कडक पट्टा असणं. अशा घोड्याचं रक्तातलं इन्सुलिन बिघडलेलं असतं. त्याला गोड चारा, गूळ, कोवळं हिरवं गवतही बाधतं.
- घोडी व्याल्यावर जार अडकून राहणं.
- एक पाय मोडला म्हणून दुसऱ्या पायावर कितीतरी दिवस भार येणं.
- कडक रोडवर सतत चालणं-पळणं.
- काही घोड्यांत स्टेरॉइडचं इंजेक्शन.

शेवटच्या कारणामुळंच सांगतो, काय टोचता ते विचारा आणि लिहून घ्या. आणखी एक: डायक्लोफिनॅक हे दुखण्याचं औषध जनावरांसाठी वापरायला आपल्या देशात २००६ पासून बंदी आहे. मेलेलं जनावर खाऊन गिधाडं मरत होती म्हणून ती बंदी आली. माणसाच्या मेडिकलमधून आणून ते घोड्याला देऊ नका.

हा रोग गरिबाच्याच घोड्याला होतो असं नाही. अमेरिकेत सेक्रेटेरियट नावाचा घोडा १९७३ साली तिथल्या तीनही मोठ्या शर्यती जिंकला होता. १९८९ साली लॅमिनायटिसमुळंच त्याला वेदनामुक्त मरण द्यावं लागलं. बार्बारो नावाच्या दुसऱ्या शर्यतीच्या घोड्याचा पाय २००६ साली मोडला. मोडलेल्या पायावर मोठमोठे उपचार झाले, पण पुढं लॅमिनायटिस झाला आणि जानेवारी २००७ मध्ये तो गेला. पैसा होता, डॉक्टर होते, तरी वाचला नाही. म्हणून पहिले दोन-तीन दिवस एवढे महत्त्वाचे.

पहिल्या तीन दिवसांत आम्ही काय केलं

डॉक्टरांनी वेदना कमी करायचं औषध सुरू केलं. त्याचा डोस वजनावर असतो. आपल्या मनानं वाढवला तर पोटात जखमा होतात, किडनी जाते. बाकीची कामं आमची होती.

*बर्फ.* खुरं आणि वरचा पाय सतत थंड ठेवायचा. ओला फडका गुंडाळून भागत नाही. ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापले, पायात बुटासारखे चढवून खाली बांधले आणि वरून बर्फाचं पाणी भरत राहिलो. तालुक्याहून बर्फाच्या लाद्या आणल्या. दोन दिवस, दोन रात्री घरचे सगळे आळीपाळीनं बसलो. थंडाव्याचा उपयोग जितक्या लवकर सुरू कराल तितका जास्त. आम्ही एक दिवस उशीर केला होता.

*मऊ जमीन.* कोठ्यात नदीची वाळू सहा-सात इंच जाड टाकली, एका बाजूला तणसाचा जाड थर. वाळूत घोडा स्वतःच खुराचं टोक खाली दाबून आराम घेतो. ती आडवी झाली तर उठवायचं नाही. झोपली म्हणजे पायावरचा भार गेला.

*चालवायचं नाही.* "फिरव, पाय मोकळे होतील," असं सांगणारे पाच जण आले. पापुद्रे सुटत असताना चालवणं म्हणजे ते ओढून फाडणं. आम्ही नाही चालवली.

*चारा.* धान्य बंद, चंदी बंद, गूळ बंद. फक्त वाळलेलं गवत आणि पाणी. पण उपाशी ठेवायचं नाही. उपाशी घोड्याच्या, त्यातही तट्टू आणि गाढवाच्या, रक्तात चरबी वाढून जीव जाऊ शकतो.

*जुनी नाल काढली.* ओढून उपटली नाही. वेदना थोड्या उतरल्यावर नालबंद चाचांनी खिळे एकेक करून कापले आणि नाल हळू सोडवली.

नाल ठोकायची की नाही

दीड महिन्यानं औषध बंद करूनही घोडी बरी चालायला लागली. मग खरा वाद सुरू झाला. शेजारी म्हणाले, "नाल ठोक ना बाप्पा, बिना नालाची घोडी चालते काय कुठी?" नालबंद चाचांचंही तेच म्हणणं होतं. चाळीस वर्षांचा त्यांचा हात. बैलाला नाल, घोड्याला नाल, हेच त्यांनी केलेलं.

डॉक्टरांनी एक्स-रे काढायला लावला. त्यासाठी खुराच्या समोरच्या भिंतीवर एक सरळ तार चिकटवतात, म्हणजे भिंत कुठं आणि हाड कुठं हे फोटोत कळतं. आमच्या घोडीच्या डाव्या पुढच्या पायात हाड थोडं फिरलं होतं, पण तळवा फाटला नव्हता. उजवा बरा होता.

मग त्यांनी समजावलं. नाल ठोकली की घोड्याचं वजन मुख्यतः खुराच्या भिंतीच्या कडेवर येतं. लॅमिनायटिसमध्ये कमजोर झाला आहे तो नेमका भिंत आणि हाड यांच्यातला जोड. म्हणजे मोडक्या खांबावरच सगळं छत. नाल नसली आणि जमीन मऊ असली तर वजन वाटलं जातं. थोडं भिंतीवर, थोडं तळव्यावर, थोडं मधल्या रबरासारख्या तिकोनी भागावर. दुसरं म्हणजे नाल महिना-दीड महिना काढत नाही, बिननाल खूर मात्र पाहिजे तेव्हा थोडा थोडा घासता येतो. तिसरं म्हणजे खिळे ठोकताना बसणारा हातोडा, तोही वाचतो.

चाचांनी एक्स-रे उजेडात धरून बराच वेळ पाहिला. म्हणाले, "आजवर खूर बाहेरूनच पाहिला, आतून पहिल्यांदा पाहतो." त्यानंतर दर महिन्याला तेच कानस घेऊन आले.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. प्रत्येक घोड्याला बिननाल ठेवणं बरोबर आहे असं नाही. हाड फार फिरलं असेल, तळवा अगदी पातळ झाला असेल, तर डॉक्टर खास आकाराची नाल किंवा जाड गादी लावायला सांगू शकतात. एक्स-रे न काढता कोणीच अंदाजानं ठरवू नये.

खूर तासायचा कसा

नवा खूर वरून, केसांच्या कडेखालून येतो. महिन्याला साधारण सहा ते दहा मिलिमीटर. टोकापर्यंत अख्खा नवा खूर यायला नऊ महिने ते वर्ष लागतं. म्हणून हे काम एका वर्षाचं आहे, एका महिन्याचं नाही. आम्ही दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात खूर मोजून कॅलेंडरवर लिहीत गेलो. वरच्या दोन बोटांइतका नवा खूर जुन्यापेक्षा सरळ उतरताना दिसला, तेव्हा पहिल्यांदा जीवात जीव आला.

तासायचे नियम असे होते:

१. दर चार-पाच आठवड्यांनी, थोडं थोडं. तीन महिन्यांनी एकदम जास्त काढायचं नाही.

२. समोरचं टोक लांब वाढू द्यायचं नाही. टोक लांब झालं की पाऊल उचलताना ते तरफेसारखं भिंतीला ओढतं आणि सुटलेले पापुद्रे आणखी सुटतात. टोक कानशीनं मागं घ्यायचं, कडा गोल करायची.

३. टाच उंच झाली असेल तर हळूहळू उतरवायची, एका दिवसात नाही. किती उतरवायची ते एक्स-रे सांगतो.

४. तळव्याला सुरी लावायची नाही. हा सगळ्यात महत्त्वाचा नियम. आपल्याकडं तळवा चकचकीत, सपाट दिसेपर्यंत तासायची सवय आहे. लॅमिनायटिस झालेल्या घोड्याचा तळवा हीच हाडाखालची ढाल असते. ती किमान दीड सेंटिमीटर जाड असावी असं डॉक्टर सांगतात.

५. मधला तिकोनी भाग कापून लहान करायचा नाही. लोंबणारे कुजके तुकडे तेवढे काढायचे.

चारा: अर्धा उपचार तोंडातून

खूर कितीही चांगला तासला आणि तोंडात गूळ गेला तर सगळं पाण्यात. वरातीच्या घोडीला लग्नघरी काय काय मिळतं ते आपण पाहतो. जिलेबी, बुंदी, पोळी, भिजवलेली हरभऱ्याची डाळ. लोक प्रेमानं देतात. लॅमिनायटिस होऊन गेलेल्या घोडीला ते विष आहे.

आमचा हिशोब असा आहे. घोडीचं वजन अंदाजे तीनशे किलो. रोजचा कोरडा चारा वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे साडेचार ते सहा किलो. ती लठ्ठ होती म्हणून सुरुवातीला खालचा आकडा धरला. डोंगराचं वाळलेलं गवत सगळ्यात चांगलं. कडबा द्यायचा तर तो कापून तास-अर्धा तास साध्या पाण्यात भिजवायचा आणि ते पाणी फेकून द्यायचं, त्यात साखर उतरते. भिजवलेला कडबा उन्हाळ्यात लवकर आंबतो, म्हणून लगेच खाऊ घालायचा. चारा दिवसातून चार वेळा थोडा थोडा. सोबत मीठ आणि डॉक्टरांनी सांगितलेलं खनिज मिश्रण.

पहिल्या पावसानंतरचं कोवळं लुसलुशीत गवत पाहून सोडायचा मोह होतो. नाही सोडायची. आणि गायी-कोंबड्यांचं तयार खाद्य घोड्याला कधीच देऊ नका. अशा काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध असतं. ते गायीला, कोंबडीला चालतं, पण घोड्याच्या हृदयाला मारतं.

तिसऱ्या महिन्यात पुन्हा लंगडली

आषाढात एका सकाळी घोडी तीन पायांवर उभी. डावा पाय टेकेचना. मला वाटलं, संपलं. रोग उलटला. घरी कोणी जेवलं नाही त्या दिवशी.

डॉक्टर आले, चिमट्यानं खूर दाबून पाहिला आणि म्हणाले, आत पू धरला आहे. लॅमिनायटिसमध्ये मेलेले पापुद्रे आणि साचलेलं रक्त काही महिन्यांनी असं पू होऊन बाहेर निघतं. एकाच पायाचं अचानक जोरदार लंगडणं असेल तर बऱ्याचदा हेच असतं. पण ते डॉक्टरनं ठरवायचं. त्यांनी बारीक छिद्र करून पू काढला, खूर रोज एप्सम मिठाच्या कोमट पाण्यात बुडवायला सांगितला, वर स्वच्छ पट्टी. आणि धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो. खुराला खिळा लागो, पू होवो, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं आहे की नाही हे विचाराच. चौथ्या दिवशी ती पाय टेकायला लागली.

काळी माती आणि पावसाळा

बिननाल घोडा ठेवणाऱ्यांच्या गोष्टी दुसऱ्या मुलखात वेगळ्या असतील. आपल्या पट्ट्यात खरी परीक्षा पावसाळ्याची. काळी माती खुरात गच्च भरते आणि चार-चार दिवस ओली राहते. मधला तिकोनी भाग कुजतो, काळं पाणी येतं, घाण वास सुटतो.

उपाय साधा आहे, रोजचा आहे. सकाळ-संध्याकाळ चारही खुरं बोथट हुकानं साफ करायची, टाचेकडून टोकाकडं. कोठ्यासमोर मुरूम टाकून दहा बाय पंधरा फुटाचा उंच ओटा केला, त्यावर पाणी थांबत नाही. चिखलातून आली की तिथं उभी करायची. मूत-शेण दिवसातून दोनदा उचलायचं. कुजायला लागलं तर डॉक्टरांनी सांगितलेलं मोरचुदाचं पातळ पाणी, तेही तेवढ्याच जागी. मोरचूद जास्त झालं तर चांगली कातडीही जळते. जळालेलं इंजिन ऑईल खुराला चोपडायची आपल्याकडं पद्धत आहे, ती बंद करा. त्यानं काही बरं होत नाही.

उन्हाळ्यात उलटं होतं. खूर कोरडा पडून कडेला चिरा जातात. कडा गोल ठेवली तर चीर वर चढत नाही.

पुन्हा चालवायचं केव्हा

औषध बंद असताना घोडी मऊ जमिनीवर सरळ आणि वळणावर बरी चालली, खुरावर गरमी नाही, नाडी जोरात उडत नाही, तेव्हा डॉक्टरांनी परवानगी दिली. आधी वावरातल्या मऊ रस्त्यानं दहा मिनिटं. दर आठवड्याला पाच मिनिटं वाढ. मग मुरूम. गिट्टी आणि डांबर सगळ्यात शेवटी. चालताना बाजूनं पाहायचं. टाच आधी टेकते की टोक? टोक आधी टेकत असेल तर टाच नाहीतर तळवा अजून दुखतो आहे.

गिट्टीच्या रस्त्यानं न्यायचंच असेल तर घोड्याचे रबरी बूट विकत मिळतात. ते चालण्यापुरते घालायचे आणि परत आल्यावर काढायचे.

कायद्याचीही माहिती असू द्या. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० प्रमाणं आजारी, जखमी, लंगड्या जनावराकडून काम करून घेणं गुन्हा आहे. ओझं वाहणाऱ्या आणि ओढकाम करणाऱ्या जनावरांसाठी १९६५ चे नियम आहेत. दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही, आणि तापमान ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी बारा ते तीन काम नाही. अकोला-अमरावतीत चैत्र-वैशाखात ३७ अंश सकाळीच होतात. वरातीची घोडी या नियमात मोजा की नका मोजू, तिचं अंग तेच, तिची खुरं तीच.

घोडं नसलं तरी हे वाचा

बैल, गाय, बकरी यांनी सोयाबीन, गहू, मका फस्त केला तर त्यांच्याही पोटात आम्ल वाढतं. पोट फुगतं, जीव जाऊ शकतो, आणि वाचलं तर खुरांना सूज येऊन जनावर लंगडतं. काढणीच्या दिवसांत कट्टे उंचावर ठेवा, दावं रात्री एकदा पाहून घ्या. जनावरानं धान्य खाल्लं तर सकाळपर्यंत थांबू नका.

लगेच ओळखायची लक्षणं

- पुढचे पाय समोर ताणून, भार मागं टाकून उभं राहणं.
- वळताना जास्त लंगडणं, पाय उचलू न देणं.
- खूर हाताला नेहमीपेक्षा गरम लागणं.
- खुराच्या वरच्या सांध्याच्या मागं, दोन्ही बाजूंना बोट ठेवल्यावर नाडी जोरात उडणं. निरोगी घोड्याची ही नाडी जेमतेम लागते. आजच आपल्या घोड्याची पाहून ठेवा, म्हणजे फरक कळेल.
- सतत आडवं पडून राहणं.

यातलं काहीही दिसलं तर आधी सरकारी दवाखान्याला फोन करा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल फ्री नंबर आहे. मोठ्या तपासणीसाठी जिल्ह्याचं पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय, अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था किंवा नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय इथं विचारणा करा. न्यायच्या आधी डॉक्टरला विचारा. दुखऱ्या पायानं गाडीत तासन् तास उभं राहणंही घातक असतं.

आज काय स्थिती आहे

चांदणीला दोन वर्षं झाली. शेवटचा एक्स-रे काढला तेव्हा हाड आणि भिंत जवळपास सरळ रेषेत आली होती. डाव्या खुरावर एक आडवी वळी होती, ती उतरत उतरत खाली आली आणि घासून गेली. पण पापुद्रे पहिल्यासारखे मजबूत झाले असं डॉक्टर म्हणत नाहीत. एकदा झालेला रोग पुन्हा होऊ शकतो.

त्यामुळं बाहेरगावच्या वराती आम्ही बंद केल्या. डांबरी रोडवर डीजेसमोर चार तास उभी राहणारी घोडी आता नाही. पहिल्या वर्षी त्याचा फटका बसला, घरात बोलणीही झाली. एक गिऱ्हाईक घोडी पाहायला आलंही होतं. त्याला रोगाची सगळी हकीकत सांगितली, तो निघून गेला.

आता आमच्याच गावातलं लग्न असलं तर ती जाते. मांडवापासून मारोतीच्या पारापर्यंत माझी चारशे वीस पावलं होतात, त्यातली सिमेंटच्या रोडची साठ. तेवढ्यापुरते तिला बूट घालतो. नवरदेवाकडच्यांना आधीच सांगून ठेवतो, नाचवायची नाही, खाऊ घालायचं नाही. तरी कोणीतरी बुंदी घेऊन पुढं येतंच. मग मी हात आडवा धरतो.